परदेशातील खरेदी आणि बँकेचे कार्ड
(ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



आपल्यातील पुष्कळ वडील मंडळी हल्ली मुलानातवंडांकडे विलायतेस जातात. खर्चावयाचा पैसा बहुधा निवृत्तिवेतनातला असतो. सबब त्यांच्याजवळील बँकेच्या कार्डाविषयी थोडे बोलतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमान्वये नवे कार्ड देशांतर्गत व्यवहारांपुरतेच चालू करून मिळते. परदेशातील वापर आपण होऊन सुरू करून घ्यावा लागतो. तो प्रस्थानापूर्वीच करावा.

खरी फसगत होते ती दुकानात. लंडनच्या दुकानदाराने यंत्र पुढे केले की त्यावर पुष्कळदा प्रश्न उमटतो: रक्कम पौंडांत द्यावयाची की रुपयांत? रुपया दिसताच जीव सुखावतो आणि बोट तिकडेच वळते! परंतु त्या रुपयांचा दर ठरवितो दुकानदाराच्या बाजूचा मध्यस्थ, आणि त्यात तो स्वतःचा नफा मिसळतो. पौंड निवडल्यास कार्डसंस्थेचा दर लागतो. त्यावर आपली बँक आकार घेते, अनेक कार्डांवर शेकडा साडेतीनच्या आसपास, व त्या आकारावर वस्तू व सेवा कर निराळा. तरीही बहुधा हेच स्वस्त पडते. मौज अशी की, रुपये निवडले तरी कित्येक बँका आपला आकार सोडीत नाहीतच! दुकानदाराने परस्पर रुपये निवडले, तर व्यवहार रद्द करून पुन्हा करावयास सांगावे. निवड आपली आहे, भीड धरू नये.

रोकड देणाऱ्या यंत्रावरही हाच प्रश्न येतो, आणि उत्तरही तेच. मात्र तेथे डेबिट कार्ड वापरावे. क्रेडिट कार्डावर काढलेल्या रोकडीस त्याच दिवसापासून व्याज लागू होते.