पक्षाघातानंतर गाडीची चावी



पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस घरी येतो. हळूहळू काठी घेऊन चालू लागतो, शर्टाची बटणं स्वतः लावू लागतो, आणि एका संध्याकाळी विचारतो, "गाडीची चावी कुठे ठेवलीय?" मग कुणाच्या घरी चावी कपाटात लपते, तर कुणाच्या घरी "त्यांना तेवढंच बरं वाटेल" म्हणून ती हातात ठेवली जाते. दोन्ही घरांत मायाच असते. पण मी व्यवसायोपचाराचं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं, काम करते, आणि मला तळमळीनं सांगायचंय की हा निर्णय मायेवर सोडू नका. तो तपासणीवर सोडा.

तपासायचं काय? सगळ्यांचं लक्ष हातापायांकडे जातं. खरं तर त्यावर बऱ्याचदा उपाय असतो. डावी बाजू लुळी असेल तर ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला कामच नसतं; उजव्या हातासाठी स्टिअरिंगवर फिरती मूठ बसवता येते. उजवा पाय कमजोर असेल तर ब्रेकच्या डावीकडे ॲक्सिलरेटर बसवून डाव्या पायानं चालवायला शिकता येतं. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि क्लचचं पेडल नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आमच्या कामाला त्याचा फार उपयोग झाला. मात्र गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी घेऊन तो आरसी बुकात नोंदवावा लागतो.

अवघड आहे ते डोळ्यांना न दिसणारं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही जणांचं डाव्या बाजूचं भानच हरपतं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डाव्या गालावरची दाढी राहून जाते. विचारलं तर ते म्हणतात, "मला सगळं नीट दिसतं." ते खोटं बोलत नसतात, जे निसटतंय ते निसटतंय हेच त्यांच्या मेंदूला कळत नसतं. आता हा माणूस अंधेरीला एस. व्ही. रोडवर किंवा घाटकोपरला एलबीएस मार्गावर गाडी चालवतोय असं डोळ्यांसमोर आणा. आपण रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवतो. फुटपाथवरून उतरणारी बाई, बसथांब्यावरचं पोर, फटीतून घुसणारा दुचाकीवाला, सगळे डावीकडूनच येतात. काहींच्या तर दोन्ही डोळ्यांपुढचं एकाच बाजूचं अर्धं दृश्य गेलेलं असतं. चष्म्याचा नंबर बदलून ते परत येत नाही.

आपल्या आरटीओच्या फॉर्ममध्ये काय विचारतात? फिट्स किंवा भोवळ येते का, पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, हातापायांत कमजोरी आहे का. चाळिशीनंतर डॉक्टरांचा फॉर्म १ए लागतो. त्यात बाजूची नजर आणि प्रतिसादाचा वेग तपासण्याचा उल्लेख आहे, पण तो धोकादायक माल वाहणाऱ्या चालकांपुरता. टँकरवाल्यासाठी जी तपासणी कायद्याला आवश्यक वाटली, ती पक्षाघातातून उठलेल्या माणसालाही तितकीच आवश्यक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. लायसन्सची मुदत शिल्लक असेल तर मध्ये कुणी विचारायलाही येत नाही. ब्रिटनमध्ये पक्षाघातानंतर महिनाभर मोटार चालवायची नाही आणि ट्रक-बस वर्षभर नाही, असा नियम आहे. आपल्याकडे असा आकडा नाही, म्हणून जबाबदारी डॉक्टरांवर आणि घरावर येते.

ही तपासणी करणारी विद्या मुंबईला परकी नाही. १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी परळच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. जन्मानं त्या अमेरिकन, लग्नानंतर इथल्याच झाल्या. हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. तेव्हा डिस्चार्ज घेतानाच विचारा, "डॉक्टर, गाडीचं काय? व्यवसायोपचार तज्ज्ञाकडे पाठवाल का?"

कागदावर ठिपके खोडायला देणं, वाहतुकीची चिन्हं आणि प्रसंग यांच्या जोड्या लावायला सांगणं, दिवा लागताच पाय किती लवकर हलतो ते पाहणं, अशा चाचण्या तज्ज्ञांकडे आधी होतात. मग उभ्या गाडीत बसून सराव. मग मोटार ट्रेनिंग स्कूलची गाडी, कारण तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. रविवारी सकाळी आतले रस्ते, नंतर लिंक रोड. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे सगळ्यात शेवटी. अंधार आणि जुलैचा पाऊस सुरुवातीला टाळाच. थकवाही विसरू नका. सकाळी उत्तम चालवणारा माणूस बोरिवलीहून निघून दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकला की संध्याकाळी वेगळाच होतो.

रिक्षावाल्यांचा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. रिक्षाचा क्लच आणि गिअर डाव्या मुठीत, थ्रॉटल उजव्या मुठीत, ब्रेक उजव्या पायाखाली. कोणतीही बाजू गेली तरी अडतं आणि ऑटोमॅटिक मोटारीचा पर्याय त्यांना परवडत नाही. मुलुंडच्या स्टँडवरचा माणूस पोटासाठी लवकर कामावर परततो, आणि मागे प्रवासी बसलेले असतात. अशा वेळी युनियननं, शेजाऱ्यांनी पुढे यावं. परमिट स्वतःचं असेल तर काही महिने बॅजवाला दुसरा चालक शिफ्टवर ठेवता येतो. तेवढ्यानं घर पुरतं चालत नाही, पण तपासणीपर्यंतचा वेळ निघतो.

तपासणीनंतर काहींना उत्तर 'नाही' असंच मिळतं. तेव्हा "आता तुम्ही कुठे जाऊ नका" असं म्हणू नका. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहे. पहिल्या काही वेळा सोबत जा, तिकीट त्यांनाच काढू द्या. आणि उत्तर 'अजून नाही' असं असेल, तर घरी येण्याआधी पुढच्या तपासणीची तारीख तज्ज्ञांकडून लिहून घ्या.