मागच्या ब्रेकमधील हवा वेळीच काढा
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



कृषिविद्येचा प्राध्यापक आज ब्रेकवर बोलणार, याचे आपणास नवल वाटेल. परंतु माल पिकविण्याइतकेच तो सुखरूप बाजारात पोचविणे महत्त्वाचे आहे. काही वर्षांपूर्वी सीताफळाच्या पाट्या घेऊन मी घरच्या जुन्या जीपने सासवडहून पुण्याला निघालो होतो. दिवे घाटात ब्रेक दाबला, तो पाय खालीच गेला. तीन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक लागला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून निभावले. आदल्या दिवशी मागच्या चाकाच्या सिलिंडरमधील रबर मीच बदलले होते आणि हवा नीट काढली नव्हती.

ब्रेक ऑईल दाबले तरी आकसत नाही, हवा मात्र आकसते. नळीत हवा राहिली की पायाचा जोर ती हवा दाबण्यातच खर्च होतो. पेडल मऊ लागते.

हवा काढण्यास दोन माणसे लागतात. पुढील क्रमाने काम करावे.

१) गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. ड्रममधील लायनर आधी ॲडजस्ट करून घ्यावेत.

२) मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडील जीपमध्ये ते बहुधा मागचे डावे चाक असते.

३) चाकामागील निपल स्वच्छ पुसावा. त्याला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ब्रेक ऑईल असलेल्या बाटलीत बुडवावे.

४) एकाने पेडल सावकाश दाबून धरावे. दुसऱ्याने निपल अर्धा फेरा सैल करावा. ऑईलबरोबर बुडबुडे येतील. निपल आवळल्यानंतरच पेडल सोडावे, नाहीतर हवा पुन्हा आत जाते.

५) बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे. मधूनमधून टाकीत ऑईल भरत राहावे. नंतर मागचे दुसरे चाक घ्यावे.

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये, खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. मास्टर सिलिंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज असतो, त्याने रबर फाटते. गंजलेल्या निपलवर जोर करू नये, तो तुटतो. गंज सोडविणारे तेल टाकून थोडा वेळ थांबावे.

बाटलीतले ऑईल पुन्हा वापरू नये. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा ३.७ टक्क्यांवर गेला की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. मग घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ होते आणि पेडल खाली जाते. इंजिन ऑईल तर चुकूनही घालू नये, त्याने रबर फुगते.

शेवटी पेडल दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल, तर ऑईल कोठेतरी गळत आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब आहे, असे समजून मेकॅनिककडे जावे. पेडल घट्ट लागले, तरी आधी रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर तपासावे. माल त्यानंतरच भरावा. माझ्याकडून नेमके तेच राहिले होते.