कागदाची बोट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी आग्रह केला म्हणून मी आज येथे उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे.

कागदाची होडी आपण साऱ्याजणींनी पावसाच्या पाण्यात सोडलेली आहे. मी सांगणार ती बोट मात्र पाण्यात सोडायची नव्हे. जाड कागदावर जहाजाचे सगळे भाग छापलेले असतात. ते कापून, दुमडून, चिकटवून हुबेहूब जहाज उभे करायचे. युरोपात हा छंद जुना आहे. जर्मनीत अशा बोटी बहुधा मूळ जहाजाच्या अडीचशेव्या हिश्शाने करतात. पोलंडमध्ये तर १९५७ सालापासून अशा नमुन्यांचे मासिकच निघू लागले.

आता हे वेड आमच्या घरात कसे आले ते सांगते. आमचा धाकटा दहावीला गणितात नापास झाला. हे त्याला रागावले, ते त्यांच्या परीने बरोबरच होते. पण मुलगा जो मुका झाला तो झालाच. दोन घास खाई आणि ताटावरून उठे. माझा भाऊ बोटीवर नोकरीला आहे. त्याने जर्मनीहून आणलेले बोटींचे एक पुस्तक माळ्यावर पडले होते. एका दुपारी ते काढून मी एकटीच कात्री घेऊन बसले. मुलाने जवळ यावे असे मनात होते, पण तोंडाने बोलावले नाही.

पहिली बोट अर्थातच बिघडली. मी उतारूंची मोठी बोट निवडली आणि सारे तुकडे एकदम कापून ठेवले. कोणता तुकडा कुठला हे मग कळेना. गोंद सढळ हाताने लावला, तेव्हा तळ उन्हातल्या पापडासारखा वळला. मुलगा दारातून पाहत होता. म्हणाला, "आई, तळच वाकडा आहे. वर कितीही नीट केलंस तरी बोट वाकडीच होणार."

महिन्याभरात तो आपणहून बोललेले हे पहिले वाक्य!

मग तो शेजारी बसला. त्याला 'विक्रांत' करायची होती. १९६१ साली आपल्या नौदलात आलेली ही पहिली विमानवाहू नौका सुमारे २१३ मीटर लांब होती. "अडीचशेवा हिस्सा म्हणजे किती रे?" मी विचारले. मला खरेच येत नव्हते. त्याने पाटकोऱ्या कागदावर हिशेब मांडून दाखवला, पंच्याऐंशी सेंटिमीटर! एवढी बोट आमच्या टेबलावर मावणार कुठे? शेवटी पुस्तकातली लहानशी टग घेतली. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावते ती ही बोट. मूळची २५ मीटरची, म्हणजे आमची दहा सेंटिमीटरची. हाही हिशेब त्यानेच केला.

ज्या भगिनींना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. आधी पानांची एक प्रत काढून ठेवावी, म्हणजे तुकडा बिघडला तरी अडत नाही. कागद साधारण १६० ग्रॅमचा असावा. लागेल तेवढाच तुकडा कापावा आणि गोंद लावण्याआधी नुसता बसवून पाहावा. दुमडायच्या रेघेवरून पट्टी धरून संपलेले बॉलपेन फिरवावे, घडी सुरेख बसते. गोंद काडीच्या टोकाने, अगदी थोडा लावावा. तळ, मधला कणा आणि आडव्या फासळ्या जुळवून काचेवर ठेवाव्या आणि वर जाड पुस्तके ठेवून रात्रभर वाळू द्याव्या. मग वरची पाटण आणि बाजू चढवाव्या. कापलेली पांढरी कड रंगीत पेन्सिलीने रंगवावी. धुरांड्याचा कागद विणायच्या सुईवर गुंडाळला की गोल होतो. करंजीची कड मुरडणाऱ्या आपल्या हातांना यांतले काहीच अवघड नाही.

टगला आम्हांला तीन आठवडे लागले. हात कामात असले म्हणजे मुले बोलतात, हे मला तेव्हा कळले. परीक्षेची भीती, मित्रांचे चिडवणे, सारे त्याने कापता कापता सांगितले. मी मान वर न करता ऐकत असे. एका रात्री हेही येऊन बसले आणि गोंद वाळेपर्यंत डोलकाठी चिमटीत धरून राहिले. त्या दिवशी कोणी कोणाला रागावले नाही.

मुलगा पुन्हा परीक्षेला बसला आहे. निकाल अजून लागायचा आहे. तो कसाही लागो, आता तो आमच्याबरोबर बसून जेवतो.

ती टग बाहेर टेबलावर मांडली आहे, जाताना जरूर पाहा. तिची एक बाजू किंचित वाकडी आहे. ती मी केलेली.