काठोकाठ भरलेले पात्र

(दीर्घ प्रतीक्षेनंतर गर्भवती झालेल्या स्त्रियांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील कथेला प्रारंभ होतो तो एका अपत्यहीन दांपत्याच्या दुःखापासून. राजा दिलीप आणि राणी सुदक्षिणा यांना कशाचीही उणीव नव्हती. उणीव होती ती फक्त संततीची. राज्यकारभार मंत्र्यांवर सोपवून दोघे एकाच रथातून वसिष्ठांच्या आश्रमात जातात. वसिष्ठ ध्यान लावून कारण शोधतात. ते कारण ऐकण्यासारखे आहे. स्वर्गातून परतताना वाटेत उभ्या असलेल्या सुरभी धेनूला प्रदक्षिणा घालायचे राजा विसरला होता. म्हणजे चूक राजाची होती, राणीची नव्हती. आणि त्या चुकीचे परिमार्जन मात्र दोघांनी मिळून केले. राजा सुरभीच्या कन्येमागे, नंदिनीमागे, रानोमाळ हिंडला. राणी रोज सकाळी तिची पूजा करून तपोवनाच्या सीमेपर्यंत तिला पोहोचवीत असे आणि सायंकाळी सामोरी जात असे.

पुढे राणीला दिवस राहतात, तेव्हा राजा तिच्या सख्यांना पुन:पुन्हा विचारतो की, तिला काय हवेसे वाटते; कारण ती संकोचाने स्वतः सांगत नाही. इतकेच नव्हे, तर तिच्या देखभालीसाठी कुमारभृत्येत निपुण असे विश्वासू वैद्य नेमलेले होते, हेही कालिदास आवर्जून नोंदवतो. वसिष्ठांचा आशीर्वाद मिळाला म्हणून वैद्यांना रजा दिलेली नाही. श्रद्धा आणि शास्त्र एकाच घरात सुखाने नांदत होती.

आजच्या विषयासाठी एवढा एक दाखला पुरेसा आहे. वर्षानुवर्षांच्या उपचारांनंतर, वयाच्या चाळिशीच्या आसपास जिची कूस उजवू पाहते आहे, त्या स्त्रीचे शेवटचे तीन-चार महिने कसे जातात आणि त्या काळात घराचे कर्तव्य काय, याचा विचार आपल्याला करायचा आहे.

एका शब्दाचे ओझे

मराठी भाषा समृद्ध आहे; पण ‘वांझ’ हा शब्द तिने स्त्रीसाठीच राखून ठेवला. पुरुषाला टोचेल असा तितकाच रूढ शब्द आपल्याकडे नाही. शास्त्र मात्र हा भेद करत नाही. मूल न होण्याचे कारण कधी स्त्रीत असते, कधी पुरुषात, कधी दोघांत, तर कधी सर्व तपासण्या होऊनही ते सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जाहीर केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेसतरा टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहापैकी एकाला, आयुष्यात केव्हा तरी या अडचणीला तोंड द्यावे लागते. इतक्या घरांत असलेले हे दुःख लपवून ठेवण्याजोगे पाप खचितच नाही.

तरीही घडते काय? पुरुषाची वीर्यतपासणी ही अत्यंत साधी, कमी खर्चाची आणि वेदनारहित तपासणी. अनेक घरांत ती सर्वांत शेवटी होते. तोवर सुनेच्या नळ्यांची तपासणी, दुर्बीण, इंजेक्शने, उपासतापास आणि गंडेदोरे असे सारे होऊन गेलेले असते. बारशाचे आमंत्रण आले की तिच्या पोटात गोळा येतो. ओटी भरताना कोणी तिला हळूच वगळते, कोणी तिच्या हातून बाळ काढून घेते. अशा दहा-बारा वर्षांनंतर ती गर्भवती होते, तेव्हा तिच्या पोटात गर्भ वाढत असतो आणि मनात त्या साऱ्या वर्षांचा साठा असतो. तो साठा एका शुभवार्तेने रिकामा होत नाही.

ओल्डहॅम, कोलकाता आणि परळ

या स्त्रियांच्या हाती आज जी आशा आहे, ती ज्यांच्यामुळे आली त्यांचे स्मरण करणे उचित ठरेल.

इंग्लंडमधील लेस्ली ब्राऊन या सामान्य गृहिणीच्या गर्भनलिका बंद होत्या. नऊ वर्षे तिने वाट पाहिली. शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, डॉ. पॅट्रिक स्टेप्टो आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी यांनी १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये तिचे एकच स्त्रीबीज घेऊन ते शरीराबाहेर फलित केले आणि तयार झालेला गर्भ तिच्या गर्भाशयात सोडला. त्याआधीचे कित्येक प्रयत्न फसले होते. या मार्गाने जगात कोणतेही मूल तोवर जन्मले नव्हते. शेवटच्या आठवड्यांत लेस्लीचा रक्तदाब वाढला, दारात वार्ताहरांची गर्दी जमली. अखेर २५ जुलै १९७८ च्या रात्री, मध्यरात्रीला काही मिनिटे उरली असताना, ओल्डहॅमच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेने लुईस जन्मली. त्या मातेने धीर धरला तो कोणतेही उदाहरण समोर नसताना. आजच्या गर्भवतीसमोर निदान लाखो उदाहरणे आहेत.

त्यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात ‘दुर्गा’ जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तुटपुंज्या साधनांनिशी हे यश मिळवले होते. मात्र सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची अवहेलना झाली आणि १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. त्यांच्या कार्याला न्याय मिळवून दिला तो डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी, १९९७ साली, मुखोपाध्यायांच्या मूळ नोंदी अभ्यासून. विशेष म्हणजे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या हर्षा या बालिकेच्या यशात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासमवेत स्वतः आनंद कुमार सहभागी होते. देशातील पहिलेपणाचा मान ज्यांच्याकडे होता, त्यांनीच तो दुसऱ्याच्या स्मृतीला अर्पण केला. असे मनाचे मोठेपण विरळाच.

या मुली ‘नैसर्गिक’ आयुष्य जगतील का, अशी शंका त्या काळी घेतली जाई. लुईस २००६ साली आणि हर्षा २०१६ साली आई झाली. त्या शंकेला याहून बोलके उत्तर कोणते?

सुखाच्या तोंडावरची धास्ती

समजा, एखादी एक्केचाळीस वर्षांची शिक्षिका आहे. दोनदा गर्भपात झालेला, तीनदा कृत्रिम गर्भधारणेचा प्रयत्न फसलेला, आणि आता तिला आठवा महिना लागला आहे. घरात सर्वांना वाटते, आता ही आनंदात असायला हवी. ती मात्र रात्री तीन वाजता जागी होऊन पोटावर हात ठेवते आणि बाळाच्या हालचालीची वाट पाहते. प्रत्येक सोनोग्राफीच्या आदल्या दिवशी तिला जेवण जात नाही. कपाटात एकही झबले नाही. आणले तर दृष्ट लागेल, असे तिला वाटते. पंचांगात नसलेला एक दिनक्रम तिने मनाशी आखलेला आहे: बारा आठवडे झाले, वीस झाले, अठ्ठावीस झाले, आता चौतीस व्हावेत.

अशा स्त्रीला “उगाच काळजी करू नकोस” असे सांगणे म्हणजे तिच्या अनुभवाला खोटे ठरवणे होय. तिची भीती निराधार नाही. उशिरा होणाऱ्या गर्भधारणेत मधुमेह, रक्तदाब, वेळेआधी प्रसूती यांचा संभव काहीसा अधिक असतो. डाऊन सिंड्रोमचा संभव पस्तिशीत साधारण साडेतीनशेत एक, तर चाळिशीत सुमारे शंभरात एक इतका असतो. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचता येतात. शंभरात एक म्हणजे नव्याण्णव वेळा तसे होत नाही. भीतीला पुसून टाकण्याची धडपड करण्यापेक्षा तिला कामाला लावणे हाच खरा उपाय होय.

भीतीला काम द्यावे

ते काम कोणते? चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त तपासले जाते; साखर १४० किंवा त्याहून अधिक आली तर आहार, चालणे आणि गरज पडल्यास औषध यांनी ती आवरता येते. रक्तदाब १४०/९० पर्यंत पोहोचला, डोके सतत ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेहरा एकाएकी सुजला किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्रसूती फार लवकर होण्याची चिन्हे दिसली, तर बाळाची फुप्फुसे पक्व व्हावीत म्हणून मातेला इंजेक्शने देता येतात; पण त्यासाठी ती वेळेत पोहोचायला हवी.

दोन गैरसमज मात्र घरोघरी आहेत आणि ते दूर होणे अगत्याचे आहे. पहिला असा की, प्रसूती जवळ आली की बाळाची हालचाल कमी होतेच. हे खरे नाही. जागा अपुरी पडल्याने हालचालीचा प्रकार बदलतो. ती मंदावणे किंवा थांबणे मात्र स्वाभाविक नव्हे. नेहमीपेक्षा कमी जाणवल्यास त्याच दिवशी दाखवावे. अशा वेळी “दहादा काय धावतेस दवाखान्यात” असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी जिभेला आवर घालावा. दहादा व्यर्थ गेलेली फेरी परवडते. एकदा न केलेली फेरी परवडत नाही.

दुसरा गैरसमज असा की, मोलाचा गर्भ म्हणून स्त्रीने नऊ महिने पलंगावर पडून राहावे. सरसकट विश्रांतीने गर्भ टिकतो असे वैद्यकशास्त्राला आढळलेले नाही. उलट रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. डॉक्टरांनी विशेष कारणाने मनाई केली नसेल, तर तिने चालावे, हलके काम करावे, चार माणसांत मिसळावे.

येथे सावधानतेचा एक शब्द आवश्यक आहे. आशेचा बाजार मांडणारेही समाजात आहेत. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने उपचार केंद्रांची नोंदणी बंधनकारक केली, लेखी संमती आवश्यक ठरवली आणि स्त्रीसाठी पन्नास, तर पुरुषासाठी पंचावन्न वर्षांची कमाल मर्यादा घातली. लिंगनिवडीला त्यात थारा नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्यस्तरावरचा कायदा १९८८ साली देशात प्रथम महाराष्ट्राने केला, हे आपण विसरता कामा नये. बारा वर्षे मुलासाठी आसुसलेल्या घराने “आता मुलगाच हवा” म्हणावे, ही त्या प्रतीक्षेची विटंबना होय.

परंपरेचा खरा आशय

‘डोहाळे’ हा शब्द ‘दौहृद’ या संस्कृत शब्दापासून आला. सुश्रुताने गर्भवतीला दोन हृदयांची स्त्री म्हटले आहे. म्हणून तिच्या इच्छेची अवहेलना करू नये. सीमंतोन्नयन संस्कारात पती स्वतःच्या हाताने पत्नीचा भांग पाडतो आणि वीणावादकांना गायला सांगितले जाते. ‘आश्वलायन गृह्यसूत्रा’त असेही म्हटले आहे की, त्या प्रसंगी अनुभवी वृद्ध स्त्रिया जे सांगतील ते करावे. या विधीचा गाभा कोणता? पतीचा स्पर्श, घरातील संगीत आणि जाणत्या स्त्रियांचा आधार. आजच्या भाषेत सांगायचे तर, गर्भवतीने एकटे पडू नये याची ती व्यवस्था आहे.

मग आज काय करावे? तपासणीच्या दिवशी पतीने रजा काढावी आणि आत डॉक्टरांसमोर बसावे. बाहेर भ्रमणध्वनीत डोके घालून नव्हे. सासूबाईंनी शेजारणींच्या चौकशा परस्पर परतवाव्यात. डोहाळजेवण तिला हवे असेल तर थाटाने करावे, हिरवी साडी आणि फुलांचे दागिने ल्यावेत. पण मन धजावत नसेल तर तिच्यावर जबरदस्ती नको. ओटी प्रसूतीनंतरही भरता येते. आणि वाटीखाली बर्फी निघो वा पेढा, दोन्ही सारखेच गोड आहेत, हे घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने मोठ्याने सांगावे. ज्यांना खासगी रुग्णालय परवडत नाही त्यांच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य तपासणी होते. शेजारच्या गर्भवतीला तेथवर सोबत करणे, हेही समाजकार्यच.

आणि डोहाळजेवणाला जमलेल्या स्त्रियांत एखादी अशी असते, जिचे उपचार अजून चालू आहेत किंवा थांबले आहेत. तिला मागच्या रांगेत बसवू नये. ओटी भरण्याचा पहिला मान तिला द्यावा. मूल होणे हे भाग्य असेल. मूल नसणे हा अपराध नव्हे. दत्तक घेऊन भरलेले घर तितकेच भरलेले असते. उद्या माता होणाऱ्या स्त्रीलाही याचाच धीर वाटेल, कारण कालपर्यंत मागच्या रांगेत तीच बसलेली होती.

चरकाने गर्भवतीच्या देखभालीला एक समर्पक उपमा दिली आहे. तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न सांडता न्यावे, तसे तिला जपावे. ही उपमा आपण सहसा गर्भवतीला ऐकवतो: “जप हो, सांभाळून चाल.” परंतु चरकाने हा उपदेश केला आहे तो तिची शुश्रूषा करणाऱ्याला. पात्र ती आहे. वाहणारे हात आपले असायला हवेत. तिचा पाय अडखळू नये म्हणून तिला बजावत राहण्यापेक्षा तिच्या वाटेतले खडे आपण वेचावेत. दहा वर्षांची प्रतीक्षा तिने एकटीने केली. उरलेले दहा आठवडे तरी तिला एकटीने मोजावे लागू नयेत.