पुस्तकातला चौकोन



बालभारतीच्या पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन
तुम्ही पाहिला असेल.
तो क्यूआर कोड.

मोबाइलवरच्या दीक्षा ॲपनं तो स्कॅन करा.
धड्याशी जोडलेलं साहित्य उघडतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत
रणजितसिंह डिसले गुरुजींनी
असे कोड पुस्तकांत वापरले.
२०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं.
निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना दिली.
केवढं मोठं मन!

पण मोबाइल नुसता मुलाच्या हातात देऊ नका.
वर्ग असो की घर,
मुलाच्या शेजारी बसा.
व्हिडिओ उघडला, तर तो मध्येच थांबवा.
विचारा, 'पुढं काय होईल?'
मूल तिथंच विचार करू लागतं.

आज संध्याकाळी तो चौकोन शोधा.
आणि पुन्हा सांगते,
शेजारी बसा.