"राहा की" कुठे लिहिलंय?

(सांगलीत तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण करारनामा नीट न वाचता सही केल्याची किंमत मोजली आहे, म्हणून बोलतोय.

बायकोला साताऱ्यात नोकरी लागली तेव्हा आम्ही तिथे घर भाड्याने घेतलं. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. दहाव्या महिन्यात मालकांना विचारलं, पुढचं काय? ते म्हणाले, "राहा की, कुठं जाताय!" आम्ही निर्धास्त. मुदत संपायला ८ दिवस उरले आणि फोन आला, पुतण्याला घर द्यायचंय, खाली करा. मी तावातावाने म्हणालो, एक महिन्याची नोटीस द्या. त्यांनी करार उघडून दाखवला. नोटीस होती, पण मुदतीच्या आधी करार मोडायचा असेल तर. मुदत संपताना कुणी कुणाला काही कळवायचं, असं एक अक्षर नव्हतं.

त्या ८ दिवसांत फोनवर "या, बघून जा" म्हणणारी माणसं नाव ऐकल्यावर "घरात विचारून कळवतो" म्हणायची. हे तुम्हाला मी काय सांगू! शेवटी सामान टेम्पोत भरून इथे अम्मीकडे आणलं. बायको दोन महिने मैत्रिणीच्या खोलीवर राहिली.

कायदा मी नंतर वाचला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम २४. लायसन्सची मुदत संपली की घर मालकाच्या ताब्यात द्यायचं. नाही दिलं, तर दुप्पट दराने भरपाई. म्हणजे भाडं १०,००० असेल तर महिन्याला २०,०००. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि तिथे लेखी करार हाच त्यातल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा. "राहा की" त्यात नसतं.

इंटरनेटवर १५ दिवसांच्या नोटिशीबद्दल वाचाल. ते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६. ते महिन्याच्या भाडेपट्ट्याला लागतं, तेही वेगळं काही ठरलं नसेल तर. आपल्या हातात असतो तो राहण्याचा परवाना. मीही यात फसलो होतो.

घर परत मिळेल या खात्रीमुळेच पुष्कळ मालक भाड्याने द्यायला तयार होतात, हे मला मान्य आहे. म्हणून भांडायचं ते सहीच्या आधी. एक ओळ घालून घ्या: करार वाढवायचा की नाही आणि भाडं किती, हे दोघांनी मुदतीच्या ६० दिवस आधी लेखी कळवायचं. इतरांना महिना पुरत असेल. आपल्याला नकार पचवायलाही वेळ लागतो.

आणि "नोटरी केली की झालं" हे ऐकू नका. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्यात कसूर झाली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींबद्दल वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात.

आता साताऱ्यात दुसरं घर मिळालंय. ६० दिवसांची अट वाचून मालकीणबाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे तुम्ही जाणार असाल तर मलाही आधी कळणार?"

म्हटलं, "हो काकू, दोघांनाही."

"मग घाला."