हवेची मानके आणि आपले शहर
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



वर्षभराच्या कार्याचा तपशील या अहवालात अन्यत्र आलेला आहे. दम्याचे आणि जुनाट खोकल्याचे रुग्ण हिवाळ्यात वाढतात, हा आपल्या बाह्यरुग्ण विभागाचा नित्याचा अनुभव. त्यामुळे मुंबईच्या हवेविषयी चार शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोव्हेंबर २००९ मध्ये हवेची सुधारित मानके अधिसूचित केली. अडीच मायक्रॉन व त्याहून सूक्ष्म धूलिकणांसाठी वार्षिक सरासरी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने आपली १० ची मर्यादा २०२१ मध्ये ५ वर आणली. हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात, म्हणून या आकड्यांचे महत्त्व.

समुद्राचा वारा शहर झाडून नेतो, या समजुतीवर मुंबई दीर्घकाळ विसंबून राहिली. हिवाळ्यात वारा मंदावला की धूळ जमिनीलगतच साचते. तरीही शहराने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे, पाण्याची फवारणी व झाकलेले ट्रक बंधनकारक केले. जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली.

येथे खरा प्रश्न उभा राहतो : या सुधारणेचा खर्च कोणी सोसायचा? लहान बेकरीवाल्याला नवी भट्टी, गॅसची जोडणी आणि मधल्या काळातील बंद व्यवसाय, तिन्ही भार एकदम पडतात. त्याची तक्रार खोटी नाही. परंतु भट्टीसमोर रात्र काढणारा कारागीर सर्वांत अधिक धूर घेतो, आणि नेब्युलायझरसाठी धर्मादाय रुग्णालयाच्या रांगेत बसण्याची वेळही त्याच्यावरच येते. नियम सैल करणे ही त्याच्यावरील दया नव्हे. मालकाला सुलभ कर्ज आणि कामगाराला बंद काळातील मजुरी मिळाली, तरच दोघांचाही निभाव लागेल.

आपल्या नव्या इमारतीच्या बांधकामालाही हेच नियम लागू आहेत. पत्रे, फवारणी, राडारोड्याची झाकलेली वाहतूक यांचा वाढीव खर्च आहे. तो गरीब रुग्ण निधीतून न करता इमारत निधीतूनच भागविण्याचा आमचा निर्धार आहे. रुग्णाच्या खिडकीखाली धूळ उडवून उपचारगृह उभारणे आपल्या सेवाव्रताला शोभणार नाही.

या कार्यात आपला हातभार आजवर लाभला, तसाच पुढेही लाभावा, ही नम्र विनंती.